एग्वी द्यू मिदी: तिकीट हातात, पण केबिनचा नंबर नाही

फ्रान्समधील शामोनी गावातून एग्वी द्यू मिदीच्या शिखरावर केबल कारने पोहोचायला जेमतेम वीस मिनिटे लागतात. मात्र त्या केबल कारच्या दारापर्यंत पोहोचायला आम्हाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

तिकिटे आम्ही पुण्यातूनच एका मध्यस्थ संकेतस्थळावरून काढली होती. व्हाउचरवर सकाळची वेळ ठळक छापलेली असल्याने आम्ही निर्धास्त होतो. खिडकीवरच्या मुलीने ते तपासले आणि शांतपणे सांगितले की पैसे भरलेले आहेत, परंतु केबिनमधली जागा कोणीही राखून ठेवलेली नाही. ती वेळ मध्यस्थाने आपल्या मनाने छापली असावी. त्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता. मध्यस्थाच्या मदत-क्रमांकावर मात्र संगीताखेरीज काही ऐकू येईना. अखेर तिनेच दुपारच्या केबिनचा नंबर दिला. मग फलकावर सरकणारे आकडे पाहत बसण्यावाचून दुसरे काम उरले नाही. वरच्या गोठवणाऱ्या थंडीसाठी थर्मल, त्यावर स्वेटर असा जामानिमा केलेल्या सासूबाई जूनच्या उन्हात घामाघूम होऊन दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "अगं, हा काढू की राहू दे?" सकाळचे आकाश लख्ख निरभ्र होते आणि उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरांवर ढग जमतात हे ठाऊक असल्यामुळे वाया जाणारे प्रत्येक मिनिट टोचत होते. म्हणून सांगते, व्हाउचरवरच्या वेळेवर विसंबू नका. केबिनची जागा खरोखर राखली आहे का, याची लेखी खात्री आदल्या दिवशीच करून घ्या.

पुढचा प्रवास सुरळीत झाला. 2317 मीटरवर केबिन बदलते आणि दुसऱ्या टप्प्यात वाटेत एकही खांब नसल्यामुळे कड्यालगत सरळ वर चढताना पोटात गोळा येतो. वरचे स्थानक 3777 मीटरवर आहे; तिथून खडकात खोदलेल्या लिफ्टने 3842 मीटरच्या गच्चीवर जाता येते. ही उंची कळसूबाईच्या दुपटीहून अधिक असल्याने चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, तेव्हा ज्येष्ठांनी मधल्या स्थानकावर थोडे थांबून मगच पुढे जावे. आम्ही पोहोचलो तोवर समोरच्या मों ब्लांचा, म्हणजे आल्प्समधल्या सर्वोच्च शिखराचा, माथा ढगात गेलेला होता, ही सकाळच्या खोळंब्याची खरी किंमत.

2013 साली सुरू झालेल्या काचेच्या खोलीत मात्र ढगांनी अडवले नाही. बुटांवर मऊ सपाता चढवून सासूबाई माझ्याआधी काचेवर उभ्या राहिल्या. पायांखाली हजार मीटरहून अधिक पोकळी होती. राहून गेलेली एक गोष्ट: गर्दीच्या दिवशी उतरण्यासाठीही नंबर घ्यावा लागतो, म्हणून वर पोहोचताच फोटो काढण्याआधी त्याची चौकशी करा.