भरतीत मोजलेले दात

भरतीच्या मेडिकलला डॉक्टरांनी माझे दात मोजले होते. फौजेत दातांना गुण असतात. समोरच्या दातांच्या वरखालच्या जोडीला एक, दाढांच्या जोडीला दोन. पूर्ण बत्तिशीचे २२, किमान १४ हवेत. माझ्या अक्कलदाढा पुरत्या वाढल्या नव्हत्या, तरी २० भरले. कामठीला घरी येऊन परीक्षेचा निकाल सांगावा तसं ते आईला सांगितलं होतं.

नंतर त्या दातांकडे मी कधी बघितलं नाही. फौजेची स्वतःची दंत कोअर १९४१ पासून आहे, उपचाराला पैसा लागत नाही, तरी नाही. उंचावरच्या पोस्टवर टूथपेस्ट ट्यूबमध्येच गोठते. पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. ते आधी चहाला, मग जेवणाला, उरलं तर चूळ भरायला. भूक मरते, म्हणून दिवसभर तोंडात चॉकलेट नाहीतर गोड चहा. दातांवरचे जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते निवळायला लाळेला वेळ लागतो. तो वेळ आम्ही देतच नव्हतो.

डावी दाढ मला खाली असतानाच सणकायची. सांगितलं नाही. दातासाठी एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, रांगेत उभं राहायची लाज वाटायची. हेलिकॉप्टर वर चढू लागलं तशी ती अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं. किडलेल्या दाढेत हवा अडकते आणि बाहेरचा दाब उतरला की फुगते, हे खूप नंतर कळलं. अकराव्या दिवशी गाल सुजला, तोंड उघडेना. हवा खराब, पाच दिवस हेलिकॉप्टर नाही. त्या पाच रात्री माझा पहारा माझ्या जोडीदाराने दिला, स्वतःचा संपवून. त्याच्या पायाची दोन बोटं तेव्हाच काळी पडली. ती पुढे कापावी लागली. माझी फक्त दाढ गेली.

भाचा पुढच्या महिन्यात वर जातोय. रजेवर आलाय, खिशात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी. म्हणाला, "मामा, कीड एवढीशीच तर आहे." परवा त्याला नागपूरच्या सदर भागात दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. तीन बोटं उभी मावायला हवीत, त्याची दोनच मावली. सुपारीने गाल आतून आवळत चाललेत. चोवीस वर्षांचं पोर! पुडी मी तिथेच मागून घेतली. त्याने मुकाट्याने दिली.

एका दाढेत सिमेंट भरलं. दुसरीचं रूट कॅनॉल आहे. रजेचे नऊ दिवस उरलेत, सोमवारी पुन्हा जायचंय.