पुरण जमतं, तर चवळीचं गोड सारणही जमेल

होळीला पुरण शिजत नाही असं घर सोलापुरात शोधावं लागेल. मराठीत पुरणपोळी, कन्नडमध्ये होळिगे, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बक्षालु. नावं वेगळी, आत डाळ आणि गूळच. तरीही 'चवळी गोड करून खातात' म्हटलं की याच घरांत तोंडं वाकडी होतात. कडधान्य म्हणजे उसळ आणि उसळ म्हणजे तिखट-मीठ, हे जिभेला लागलेलं वळण आहे. पण हरभऱ्याची डाळ हेही कडधान्यच, फक्त साल काढलेलं. फरक आहे तो सालीचा, आणि गोड चवळी फसते तीही बहुतेक वेळा सालीपायीच.

जपानमध्ये अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड सारण करतात, त्याला अंको म्हणतात. मूग, मटकी, उडीद, चवळी ही सगळी अझुकीची भावंडं. इथे अझुकी सहज मिळत नाही, पण भुसार दुकानातली बारीक लाल चवळी छान चालते. तिला दुय्यम समजू नका. जपानातच तोक्योकडच्या भागात सणाचा लाल भात अझुकीऐवजी चवळी घालून करायची रीत आहे. अझुकीची साल शिजताना फुटते आणि फुटलेलं पोट सामुराई योद्ध्यांना पोट चिरून मरण्याच्या प्रथेमुळे अशुभ वाटायचं, असं त्याचं कारण सांगतात. चवळीची साल चिवट. म्हणून अझुकी न भिजवता शिजवली तरी चालते, चवळी मात्र ६ ते ८ तास भिजवायचीच.

२५० ग्रॅम चवळी घ्या. भिजवलेलं पाणी टाका, नवीन पाण्यात ५ मिनिटं खळखळून उकळा आणि तेही पाणी ओतून द्या. इथे आपला हात थांबतो. पुरणाच्या डाळीचं येळवणी आपण जपून ठेवतो, त्याचीच तर आमटी होते. पण ती डाळ सोललेली असते. चवळीच्या सालीतला तुरटपणा पहिल्या उकळीला पाण्यात उतरतो, आणि तो राहिला तर कितीही साखर घातली तरी सारण घशाला धरतं. नंतर कुकरमध्ये चवळी शिजेल त्या पाण्यावर मात्र खुशाल आमटी करा.

आता चवळी बुडून वर दोन बोटं येईल इतकं पाणी घालून कुकरमध्ये ३ शिट्ट्या, मग मंद आचेवर ७-८ मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. दाणा दोन बोटांत धरला की जोर न लावता चिरडला पाहिजे. मधे कणी लागली तर पुन्हा शिजवा, 'साखरेत शिजेल' या भरवशावर राहू नका. साखर किंवा गूळ पडला की दाणा मऊ व्हायचा थांबतो, उलट आवळतो. फसलेल्या दहापैकी आठ सारणांची गोष्ट हीच असते, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा अडथळा पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, मग पाच शिट्ट्या झाल्या तरी चवळी टणक. पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी वापरा. तेही नसेल तर चिमूटभर खायचा सोडा, त्याहून जास्त नको. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि रंगही काळवंडतो. वर्षभर डब्यात पडलेली जुनी चवळीही अशीच हट्टी होते, तिची उसळच करावी.

शिजलेली चवळी निथळून जाड बुडाच्या कढईत घ्या. २०० ग्रॅम साखर दोन हप्त्यांत घाला, शेवटी दोन चिमटी मीठ. मीठ गाळू नका, त्यानेच गोडी उठून दिसते. गूळ आवडत असेल तर तोही २०० ग्रॅमच, पण मग चव पुरणाकडे झुकते. पहिल्यांदा साखरेचंच करावं, म्हणजे चवळीची स्वतःची चव कळते. उलथनं ओढल्यावर कढईचं बूड क्षणभर दिसलं की गॅस बंद. पुरणासारखं उलथनं उभं राहीपर्यंत आटवू नका, गार झाल्यावर हे आणखी घट्ट होतं. पोळीत भरायचं असेल तेवढंच पुढे कोरडं करायचं.

साल दाताखाली आवडत नसेल तर साखर घालण्याआधी पुरणयंत्रातून नाही, बारीक चाळणीवर पाणी घालत घासून काढा. यंत्रातून सालीचे तुकडे खाली येतात. चाळलेलं पाणी पातळ कापडात पिळून मग साखर घाला. काम दुप्पट, पण पोत रेशमासारखा.

घरात चव घ्यायला कोणी धजत नसेल तर सुरुवात चवळीने करूच नका. केरळच्या पद्धतीचं मूगडाळीचं पायसम करा: १५० ग्रॅम डाळ कोरडी भाजून मऊ शिजवा, १५० ग्रॅम गुळाचा पाक गाळून घाला, मग पातळ नारळाचं दूध, वेलची, सुंठ. घट्ट दूध गॅस बंद केल्यावरच, उकळलं तर फाटतं. खिरीची ओळख असल्याने ते कोणी नाकारत नाही. पुढच्या आठवड्यात चवळीचं सारण एकेक चमचा, तेही गरम टोस्टवर लोणी लावून त्यावर. जपानमधल्या नागोया शहरात नाश्त्याला टोस्ट असाच, अंको लावून खातात. खारट लोणी आणि गोड चवळी ही जोडी नुसत्या सारणापेक्षा लवकर पटते.

पांढऱ्या राजम्याचंही असंच सारण होतं, फिकट आणि सौम्य. मात्र राजमा पूर्ण शिजलाच पाहिजे. अर्धकच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन उलट्या-जुलाब करतं, म्हणून कुकरच वापरा, कोमट आचेवर तासन्‌तास ठेवू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात यातलं काहीही ओट्यावर ठेवू नये, दुपारपर्यंत आंबतं. गार झालं की लगेच फ्रीजमध्ये, तिथे ४ दिवस. जास्त केलं असेल तर पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवा, हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो.