वेल ऑफ म्हणजे विहीर बंद

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तशी बहीण आली आणि आठ दिवसांनी परत गेली. तिची लेक मात्र वह्यांच्या गठ्ठ्यासकट आमच्याकडेच राहिली. तिला स्पर्धा परीक्षेतलं इंग्रजी छळतं आणि मामा शाळेत मास्तर आहे, एवढ्या दोन गोष्टींवर हा मुक्काम ठरला. मामा मराठी शिकवतो, ही बाब बहिणीने हिशेबात धरली नाही.

रोज संध्याकाळी ओट्यावर आमचा वर्ग भरतो. विद्यार्थिनी एक, मास्तर एक आणि खाटेवर माझे वडील, आबा. आबांनी आयुष्यभर केळी केली. इंग्रजीशी त्यांचा संबंध ड्रीप, बोअर आणि ट्रान्सफॉर्मर एवढाच. तरी हजेरी त्यांचीच पक्की असते.

सध्या फ्रेझल व्हर्ब चालू आहेत. एक साधं, ओळखीचं क्रियापद घ्यायचं, त्याला एवढंसं शेपूट लावायचं, की ते ओळखच दाखवत नाही. ‘पे’ म्हणजे पैसे देणे, इथवर सगळं ठीक. पण पे बॅक म्हणजे परत करणे, पे ऑफ म्हणजे फेडून मोकळं होणे आणि पे अप म्हणजे कुणीतरी दारात बसलंय म्हणून नाइलाजाने काढून देणे. भाची वैतागली. मी तिला म्हटलं, आपल्या ‘बसणे’कडे बघ जरा. हिशेब बसला म्हणजे जमला, धंदा बसला म्हणजे बुडाला, फटका बसला म्हणजे नुकसान झालं आणि ‘किलोला किती बसले?’ म्हणजे नुसती चौकशी. एखादा गोरा मराठी शिकायला आला तर तो कुठे बसेल? तिला हसू आलं, पण पाठांतर काही कमी झालं नाही.

यादीतला पहिला धडा गरिबी-श्रीमंतीचा होता. ‘वेल ऑफ’चा अर्थ विचारला तर आबाच मध्ये बोलले. वेल म्हणजे विहीर हे त्यांना सरकारी योजनेच्या कागदांमुळे ठाऊक, आणि ऑफ म्हणजे बंद हे मोटारीच्या स्टार्टरमुळे. “विहीर बंद. म्हंजे गरीब झाला बिचारा.” खरा अर्थ ‘खाऊन-पिऊन सुखी’ असा निघाल्यावर त्यांना तो मुळीच पटला नाही. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पाणी इतकं खाली गेलंय की विहिरी कधीच्या आटल्या आणि बोअरवर बोअर घ्यावी लागते. ज्या घरची विहीर बंद झाली त्या घराला सुखी म्हणणारी भाषा कुठल्या मुलखातली असेल, याचा विचार ते बराच वेळ करत होते.

‘टाइड ओव्हर’लाही असंच अडलं. टाइड म्हणजे समुद्राची भरती; अडचणीचे चार दिवस तिच्यावर तरून जायचं. तापीला पूर येतो, भरती येत नाही. पण ‘हातउसने’ म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. ‘रोल ओव्हर’ तर आबांनी आम्हालाच शिकवलं. जुनं कर्ज नव्या कर्जात लोटून देणे, असा अर्थ मी वाचून दाखवला, तर म्हणाले, “म्हंजे नवं-जुनं.” गावात सोसायटी म्हटलं की समाजबिमाज कुणाच्या मनात येत नाही. सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी विकास सोसायटी. ३१ मार्चच्या आत जुनं कर्ज भरायचं, त्यासाठी कुणाकडून तरी थोड्या दिवसांच्या बोलीवर पैसे आणायचे आणि नवं कर्ज हातात पडलं की त्याचे त्याला परत करायचे. गाव मार्चअखेर सामुदायिक रोल ओव्हर करतं आणि त्याला व्याकरणाची गरज पडत नाही.

‘राइट ऑफ’पाशी मात्र मीच चुकलो. सरळ कर्जमाफी असं सांगून बसलो. भाचीने पुस्तक पुढे केलं. कर्ज माफ करणं वेगळं, त्याला ‘वेव्ह’. बँक ‘राइट ऑफ’ करते तेव्हा ती आपल्या ताळेबंदातून ते बुडीत कर्ज काढते, कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, वसुलीही चालू राहू शकते. २०१७ साली दीड लाखापर्यंत आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंत अशा दोन कर्जमाफ्या आबांनी पाहिलेल्या. त्यांना फरक तत्काळ कळला. “म्हंजे त्यायच्या वहीतून गेलं, आपल्या डोक्यावरून नही.” मी तो अर्थ तसाच वहीत उतरवून घ्यायला लावला.

श्रीमंतीच्या बाजूची यादी लहान निघाली. की आमच्याकडे उदाहरणं कमी पडली म्हणून तशी वाटली, कोण जाणे. ‘कम इन्टू मनी’ म्हणजे वारशाने किंवा अचानक पैसा हाती येणे. त्याला अमळनेरचं उदाहरण दिलं. आजची विप्रो १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. त्या काळी घेतलेले शेअर ज्यांनी ट्रंकेच्या तळाशी राहू दिले, ते किंवा त्यांची पोरं पुढे कोट्यधीश झाली. लगेच ‘सेल ऑफ’ आलं, म्हणजे विकून मोकळं होणे, आणि त्याचं उदाहरण आमच्याच नात्यात होतं. तिकडच्या एका आत्याबाईंच्या सासऱ्यांनी ते कागद विकून घरावर पत्रे टाकले. पत्रे अजून आहेत. पावसाळ्यात गळतात.

आबांना यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. कॅटल आणि कॅपिटल, गुरं आणि भांडवल, हे दोन्ही शब्द डोकं या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून निघालेत. “मंग बरोबर,” ते म्हणाले. “बैलजोडी विकली त्याच सालापासून भांडवल नही ऱ्हायलं.”

आणि मग परवा ‘विंडफॉल’ आलं.

हे फ्रेझल व्हर्ब नाही, पण धड्याच्या शेवटी होतं. अर्थ दिला होता: अनपेक्षित धनलाभ. मूळ अर्थ, वाऱ्याने झाडावरून पडलेलं फळ किंवा लाकूड. तोडायचे कष्ट नाहीत, खाली वाका आणि उचला.

भाचीने वाचलं आणि थांबली. मीही काही बोललो नाही. आबांनी विचारलं, काय झालं. सांगावं लागलं.

“वाऱ्यानं पडलं आनि फायदा?”

“हो आबा.”

“कोन्या गावचं हे?”

विलायतेतलं सफरचंद वाऱ्याने पडत असेल आणि खालच्या गवतावरून कुणी उचलून नेत असेल. केळीचं तसं नाही. केळीला लाकूड नसतं. तो खांब म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, आत सगळं पाणी. वर वीस-पंचवीस किलोंचा घड लोंबत असतो. मे-जूनमध्ये उकाडा असह्य झाला की एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं आणि अर्ध्या तासाचं वारं सुटतं. तेवढ्यात कापणीला आलेला बाग एका अंगाला निजतो. वर्षभर पाजलेलं पाणी, टाकलेलं खत, घडांना बांधलेला आधार, सगळं जमिनीवर. त्या पडलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही. नवती म्हणजे नव्या लागवडीचा बाग असो, की जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेला पिलबाग, पडला तो पडला. उचलायला माणसं लागतात ती शेत मोकळं करायला, आणि त्यांची मजुरी वेगळी.

एका वर्षी आमचा असाच गेला होता. भाची तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. आबा बांधावर उभे होते आणि ती आडव्या खांबांवरून उड्या मारत होती. तिला तेवढंच आठवतं. मला आबांचा सदरा आठवतो, तो पाठीला चिकटलेला होता.

काल मी तिची छोटी परीक्षा घेतली. दहा शब्द, वाक्यात उपयोग करा. नऊ बरोबर आले. दहाव्याला तिने इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: माझ्या आजोबांना सहा एकरांचा विंडफॉल झाला, म्हणून तलाठी पंचनामा करायला आले.

व्याकरण तपासलं. काळ बरोबर, कर्ता बरोबर, स्पेलिंगही बरोबर. मी अर्धा गुण दिला. आबांनी वाक्य मराठीत ऐकलं आणि खाटेवरूनच म्हणाले, “पुरा दे. साडेसहा एकर होतं, तेवढं दुरुस्त कर.”