शेत न विकता पाणी शहराला भाड्याने देताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा करून विकता येतो. आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातल्या क्राउली काउंटीत 1970 आणि 80 च्या दशकांत शहरांनी असे हक्क विकत घेतले आणि पन्नास हजार एकरांच्या घरातलं ओलित काही हजारांवर आलं. विक्रीला पर्याय म्हणजे आळीपाळीने काही शेतं पडीक ठेवायची आणि तेवढंच पाणी शहराला भाड्याने द्यायचं. 2013 च्या कायद्याने अशा प्रायोगिक प्रकल्पांना वाट करून दिली. कॅटलिन कालव्यावरून फाउलर, फाउंटन आणि सिक्युरिटी या गावांना वर्षाला जास्तीत जास्त 500 एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील एवढं) पाणी देण्याची, 2015 मध्ये सुरू झालेली योजना त्यातलीच. एकच शेत दहा वर्षांत तीन वर्षांपेक्षा जास्त पडीक ठेवता येत नाही.

अशाच एका करारात हिशेबाची बाजू माझ्याकडे होती. कागदपत्रं, हरकती, मंजुरी हे सगळं वेळखाऊ असलं तरी सरळ असतं. अडतं ते हिशेबात.

शेतकऱ्याला वाटतं, पाटातून जेवढं पाणी घेतो तेवढं भाड्याने देता येईल. तसं नसतं. देता येतं ते फक्त पिकाने खरोखर प्यायलेलं पाणी. समजा, 100 एकरांच्या तोंडाशी हंगामात 200 एकर-फूट पाणी येतं आणि त्यातलं 60 टक्के पीक वापरतं. मग भाड्याचे झाले 120 एकर-फूट, म्हणजे सुमारे 14.8 कोटी लिटर. उरलेले 80 आजवर शेताच्या खालच्या टोकाने वाहून किंवा जमिनीत मुरून नदीला परत मिळत होते आणि त्यावर खालच्यांचे हक्क उभे आहेत. शिवाय दोन राज्यांतल्या 1948 च्या पाणीवाटप करारानुसार नदीच्या खालच्या अंगाच्या कॅन्सस राज्याचाही वाटा आहे. विहिरींच्या उपशामुळे कोलोरॅडोने हा करार मोडला, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवलं. तेव्हापासून इथले अधिकारी एकेका आकड्याला खोदून विचारतात.

या 80 मधलं वाहून जाणारं पाणी लगेच नदीत पोचतं. मुरलेलं मात्र शेत नदीपासून किती लांब आहे त्याप्रमाणे महिन्यांनी, कधी वर्षांनी. परतफेडही त्याच वेळापत्रकाने करावी लागते, म्हणजे शेत कोरडं असताना आणि हंगाम संपल्यावरही. त्यासाठी पाणी धरणात साठवायचं किंवा मुरवण तळ्यात सोडायचं. तळं नदीपासून साधारण शेताइतक्याच अंतरावर असेल तर वेळापत्रक आपोआप जुळतं.

पडीक शेताचं पाणी मुखाशीच नदीत ठेवलं तर कालव्याची पातळी उतरते आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यांना दाब मिळत नाही. म्हणून ते कालव्यातूनच आणतात आणि ठरलेल्या ठिकाणी मोजून नदीत सोडतात. तिथे पार्शल फ्लूम (वाहतं पाणी मोजायची, मध्ये अरुंद होणारी नाली) आणि सतत नोंद घेणारं यंत्र लागतं. फ्लूमची तळपट्टी एका बाजूला खचली किंवा खालचं पाणी फुगून फ्लूममध्ये चढलं की आकडे चुकतात आणि तेवढ्या दिवसांचं पाणी अधिकारी धरत नाहीत.

शहर वरच्या अंगाला असेल तर अदलाबदल करावी लागते. आपण खाली पाणी सोडायचं आणि शहराने तेवढंच प्वेब्लो धरणात अडवून ठेवायचं. मधल्या टप्प्यात नदी वाहती नसेल किंवा तिथल्या जुन्या हक्काला धक्का बसत असेल तर अदलाबदल होत नाही. नेमकं दुष्काळातच हे घडतं आणि शहराला पाणीही तेव्हाच हवं असतं. हा तोटा कोणी सोसायचा, हे करारात लिहिलेलं नसेल तर सही करू नये, असं माझं मत.

शेत निवडताना भूजल उथळ असेल तिथली लसूणघास टाळावी. पाणी तोडलं तरी तिची मुळं खालून पाणी ओढतात, रान हिरवं राहतं आणि तपासणीत तेवढी वजावट होते. मक्याचं रान बरं: धसकटं तशीच उभी ठेवली की वाऱ्याने माती उडत नाही. कोचिया तण मात्र वेळीच मारावं, तेही पाणी पितं आणि त्याचं बी शेजाऱ्याच्या शेतात जातं.

भाडं फक्त एकर-फुटावर ठरवलं तर कोरड्या वर्षी हाती कमी येतं. जमिनीचा कर, कालव्याची पट्टी आणि कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहतात. कॅलिफोर्नियातल्या पालो व्हर्डेत 2005 पासून 35 वर्षांचा करार आहे. तिथे भाडं एकरावर ठरलं: एकदाच 3,170 डॉलर आणि पडीक एकराला सुरुवातीला वर्षाला 602 डॉलर. मला एकरी ठरावीक रक्कम आणि वर प्रत्यक्ष पाण्यावर दर, अशी जोड पटते.

शेवटचं पडीक वर्ष संपलं तरी मुरलेल्या पाण्याची परतफेड चालूच राहते. तोवर शहराचे पैसे थांबलेले असतात. म्हणून त्या वर्षांपुरतं पाणी आणि मोजणीचा खर्च करारातच राखून ठेवावा.