धुळ्यातल्या जुन्या वाड्यात दोन रात्री

धुळं आम्ही आजवर नुसतं ओलांडलं. मुंबई-आग्रा रस्त्यावर चहाला थांबायचं आणि शिरपूरकडे निघायचं. यंदा जानेवारीत मात्र मुद्दाम उतरलो. एका कुटुंबाने आपला जुना वाडा पाहुण्यांसाठी खुला केल्याचं कळलं होतं. खोल्या चारच, त्यामुळे आधी फोन करूनच जा.

आग्रा रोडची गर्दी सोडून रिक्षा गल्लीत वळली आणि एकदम शांत झालं. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं इथे आणलं, व्यापाऱ्यांना घरं बांधायला जागा दिल्या. तेव्हाच्या आखणीच्या सरळ गल्ल्या अजून तशाच आहेत, आणि पत्ताही लोक गल्ली नंबरनेच सांगतात. तो नीट विचारून घ्या, नाहीतर रिक्षावाला चार गल्ल्या फिरवतो.

वाड्याचं दार बंद करायला कडी नाही, अडसर आहे. मनगटाएवढं सागाचं लाकूड भिंतीतल्या खोबणीतून ओढायचं आणि पलीकडच्या खोबणीत सारायचं. इतक्या वर्षांच्या हातांनी ते मधोमध गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झालंय. रात्री ते सारण्याचं काम मी दोन्ही दिवस मागून घेतलं. आत चौक, ओसरीवर बंगई (झोपाळा), आणि वर धाबं. खानदेशातल्या जुन्या घरांना असंच मातीचं सपाट छत असतं: खाली सागाच्या कड्या आणि फळ्या, वर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाआधी त्यावर नवी माती चढवावी लागते. हे करणारी माणसं आता मिळत नाहीत, असं घरच्या काकांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. सिमेंटचा स्लॅब टाकणं कितीतरी सोपं होतं, तरी त्यांनी धाबं राखलंय, आणि पाहुण्यांच्या पैशातला मोठा वाटा त्यावरच जातो. मला तरी तेवढ्यासाठीच इथे राहावंसं वाटलं.

खोली घेताना तळमजल्यावरची, माजघराला लागून असलेली मागा. दोन हात जाड भिंतीमुळे बाहेर कडाक्याची थंडी असूनही आत ऊब होती. वरच्या खोल्या देखण्या आहेत, पण जिना फार उभा आहे. गुडघे दुखत असतील तर नकोच. न्हाणीघर चौकापलीकडे आहे, म्हणून बॅटरी आणि शाल जवळ ठेवा. गरम पाणी बंबाचं, सकाळी सात ते नऊ. पाणी जपून वापरा.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगावं लागतं. भरीत खायचं तर थंडीतच या. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, मग लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचतात. वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "इतलंसं जेवन? आनि दिनभर काय चालशात, भाऊ?" घेतली.

पायी फिरण्यासारखं धुळ्यात पुष्कळ आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण आहे. ती वळणदार अक्षरं पाहताना आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावात गेले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं आणि मूर्ती आहेत. दोन्हीकडे सुटीचे दिवस आधी विचारून घ्या. विनोबांनी 1932 मध्ये गीतेवरची प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तीही धुळ्याच्याच तुरुंगात. दुसऱ्या दिवशी पहाटे लळिंगचा किल्ला केला. गावापासून साधारण दहा किलोमीटर, नाशिकच्या रस्त्यावर. ऊन चढायच्या आत उतरा, आणि पाणी बरोबर न्या.

एकच रात्र राहू नका. पहिली रात्र घराची सवय होण्यातच जाते. परतताना बसऐवजी चाळीसगावची गाडी धरा. पुढची गाडी येईपर्यंत स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहून होतं. आमची शिदोरी मावशींनी बांधून दिली होती, ती तिथेच बाकावर बसून सोडली.