तुम्ही विचारलंत म्हणून : मदत इथे करावी की तिकडे?

वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतं. प्रश्नाचं रूप तेवढं बदलतं. कुणी म्हणतं, "मुलीला दोन महिने सुट्टी आहे, परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतेय, पाठवू का?" कुणी तावातावाने म्हणतं, "आपल्याच दारात एवढं पडलंय, बाहेरच्यांना कशाला द्यायचं?" आणि कुणी आवाज खाली आणून विचारतं, "ते पैसे पोचतात का हो खरंच?" मलाच विचारतात, कारण मी एकदा तशी परदेशात जाऊन आले आहे आणि गेली चौदा वर्षं इथे अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसते. दोन्ही घाटांवरचं पाणी प्यायलेली बाई, असा माझ्याबद्दल समज आहे.

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या माणसांची सुटका होईल. वेळ द्यायचा तर जवळ द्या. पैसे लांब पाठवायला काहीच हरकत नाही. लोक नेमकं उलटं करतात आणि मग हिरमुसतात. आता हे असं का, ते सांगायला जरा ऐसपैस बसावं लागेल.

2009 साली, सव्विसाव्या वर्षी, मी कंबोडियातल्या एका बालगृहात दोन आठवडे 'सेवा' करून आले. अवतरणचिन्हं मुद्दाम टाकली आहेत. पाठवणाऱ्यांनी प्रवासखर्चाशिवाय वेगळी फी घेतली होती, आणि तिथे पोचल्यावर आमच्या तुकडीला भिंत रंगवायचं काम मिळालं. आकाशी रंग. आमच्यापैकी कुणालाही रंगकाम येत नव्हतं, जमिनीवर सांडलेलं पुसण्यातच निम्मा दिवस जायचा. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या चौकटीपाशी जुन्या रंगाचा पोपडा सुटलेला दिसला, तो मी नखाने उचकटला. कडेने बघितलं तर आकाशीखाली पिवळा, पिवळ्याखाली पोपटी, आणि पोपटीखाली पुन्हा आकाशी. आमच्याआधी कितीजण येऊन गेले, ते झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं मोजता येत होतं. पोपडा खिशात टाकला. कुणाला दाखवला नाही.

तिथे स्वयंपाक करणारी एक बाई होती. आम्ही ब्रश घेऊन निघालो की ती आमच्याकडे बघून काहीतरी बोलायची आणि आजूबाजूच्या बायका हसायच्या. आम्हीही हसायचो. काय बोलायची, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पहिल्याच संध्याकाळी सहा-सात वर्षांची एक मुलगी येऊन माझ्या मांडीवर बसली, आणि मला वाटलं, माझ्यात काहीतरी असणार. निघायच्या आदल्या दिवशी जुन्या तुकडीचे फोटो बघायला मिळाले. त्यात ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर तश्शीच बसलेली होती.

दोन वर्षांनी, 2011 मध्ये, युनिसेफ आणि कंबोडियाच्या सरकारचा एक अहवाल हाती आला. 2005 साली त्या देशात अशी 154 बालगृहं होती, 2010 साली 269 झाली. एवढ्या अवधीत देशात पोरकी मुलं वाढली म्हणावं, तर तसंही नव्हतं. तिथल्या मुलांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांची आई किंवा बाप हयात होते. मुलं गरिबांची होती. शिक्षण मिळेल, पोटाला मिळेल, या आशेने घरच्यांनी ती धाडली होती, आणि आमच्यासारखे बघायला, खेळवायला, देणगी द्यायला येत होते म्हणून नवनवी बालगृहं निघत होती. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळी देणग्यांसाठी मुलांना अनाथालयात आणून ठेवण्याचा हा प्रकारही गुलामगिरीत धरला. 2011 साली तो अहवाल वाचला तेव्हा मला ती मांडीवरची मुलगी आठवली, आणि तो मिटून ठेवावा लागला.

एक अपवाद लगेच नोंदवते, नाहीतर डॉक्टर मंडळी रागावतील. ज्याच्या हातात तिथे न मिळणारी विद्या आहे, त्याने जरूर जावं, आणि पुरेसे दिवस राहावं. ब्रिटनमधल्या व्हीएसओ या संस्थेने 1958 साली सुरुवात केली ती शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या पोरांना परदेशी पाठवण्यापासून. पुढे त्यांनी तो नाद सोडला आणि शिकलेली, अनुभवी माणसं पाठवायला लागले. संस्थेला जे उमगलं, ते फी घेणाऱ्या सहल कंपन्यांनी उमगून घेतलेलं दिसत नाही. त्यांना तरी काय पडलंय म्हणा!

आता इथलं. लेखनिकाचं काम बाहेरून अगदी सोपं दिसतं. विद्यार्थी सांगतो, आपण लिहायचं. पहिल्याच वर्षी इतिहासाच्या पेपराला एका मुलाने सांगितलं, "पहिलं महायुद्ध 1919 साली संपलं." व्हर्सायच्या तहाचं साल त्याने युद्धाच्या शेवटाला चिकटवलं होतं. माझं पेन थबकलं. एखादा सेकंद असेल.

"थांबलात का? लिहा," तो म्हणाला.

लिहिलं. 1919. खरं तर माझ्या थांबण्यावरूनच त्याला कळलं होतं की काहीतरी चुकलंय. आकडा बदलून सांगू शकला असता. नाही बदलला. पेपर संपल्यावर व्हरांड्यात काठी उलगडता उलगडता त्याने मला फैलावर घेतलं. "ताई, मी पेनचा आवाज ऐकत असतो. तुमचं पेन बरोबर उत्तराला पळतं आणि चुकीच्या उत्तराला रेंगाळतं. मग पेपर माझा कसा राहील? आणि मध्ये मध्ये 'बरं' म्हणू नका." एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा तो. माझे कान लाल झाले होते, आणि मुद्दा त्याचा पूर्ण खरा होता.

बघा, हे मला समजलं. शब्द न् शब्द समजला, त्यातला राग समजला, आणि पुढच्या पेपराला पेन एका वेगाने चाललं. कंबोडियातली ती बाईही कदाचित असंच काहीतरी सांगत असेल: अगं, कितव्यांदा रंगवताय ती भिंत! पण तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही, आणि मी दात काढत ब्रश बुडवत राहिले. म्हणून सांगते, जिथे तुम्हाला कुणी बोलणी घातली तर ती समजतील, आणि घालणारा पुढच्या आठवड्यातही तुम्हाला भेटणार असेल, तिथे स्वतः जा. जवळच्या मदतीतही फोटोपुरते येणारे असतातच. पण त्यांना नावं ठेवणारे शेजारीही असतात.

वस्तूंचं एक मधलंच त्रांगडं आहे. एकदा पुरानंतर आलेले कपडे निवडायला बसले होते. एका पिशवीत एकाच पायाचा बूट निघाला, नवा कोरा. देणाऱ्याने दुसरा कशासाठी ठेवून घेतला असेल, यावर आम्ही तिघींनी दुपारभर तर्क केले. हसण्यावारी नेलं खरं, पण मोठ्या प्रमाणावर हे फार महागात पडतं. डिसेंबर 1988 मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे 5000 टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडलं. ते नुसतं निवडायला 50 माणसं सहा महिने राबली. वेगवेगळ्या भाषांतली लेबलं, काही बाटल्यांची मुदत उलटलेली, काही थंडीने वाया गेलेल्या. चटकन ओळखू येतील अशी औषधं जेमतेम 30 टक्के होती. असे अनुभव गाठीशी आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 1996 साली नियमावली काढली: मागितलेलंच औषध पाठवा, आणि तिथे पोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असू द्या. इतकी साधी गोष्ट लिहून काढावी लागली, यातच काय ते आलं.

पैशाला यातलं काही होत नाही. पैशाला निवडावं लागत नाही, त्याची मुदत संपत नाही, आणि तो कुणाच्या मांडीवर बसून फोटो काढत नाही. केनियात 2007 साली मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय सुरू झाली, आणि नंतर गिव्हडिरेक्टली या संस्थेने तिचा वापर करून गरीब कुटुंबांच्या हाती थेट रक्कम द्यायला सुरुवात केली. अटी नाहीत, शिकवण्या नाहीत. बऱ्याच जणांनी गवती छप्पर काढून पत्रे घातले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला का, हे अभ्यासकांनी मुद्दाम तपासलं. वाढला नव्हता. ही शंका मलाही होतीच, लपवून कशाला ठेवू?

आता "पोचतात का हो?" या प्रश्नाकडे. लोकांना वाटतं, संस्थेचा पगार-भाडं वगैरे खर्च जितका कमी तितकी संस्था सोज्वळ. मी हिशेबाच्या कामात उभी हयात घालवली, मला हे पटत नाही. हिशेब नीट ठेवणाऱ्यालाही पगार लागतो. अमेरिकेत संस्थांची तपासणी करणाऱ्या तीन मोठ्या संघटनांनी 2013 साली देणगीदारांना जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं होतं, की नुसत्या त्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. मी एक वेगळाच प्रश्न विचारते: मागच्या वर्षी तुमचं काय फसलं? एका संस्थेने उत्तरादाखल गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक पाठवलं. दुसरीने पानभर लिहून कळवलं, की पाणी गाळायची भांडी वाटली होती, सहा महिन्यांनी जाऊन बघितलं तर निम्म्या घरांत त्यात धान्य भरून ठेवलेलं, कारण घरात उंदीर फार होते आणि झाकणाचं भांडं दुसरं नव्हतं. आता ते झाकणाचे डबे देतात. माझी देणगी तिथे जाते, दरमहा, आणि 'अमुकच कामासाठी' अशी अट न घालता.

अट का घालू नये, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण 2004 च्या त्सुनामीचं. 26 डिसेंबरला लाट आली, जगभरातून देणग्यांची रीघ लागली, आणि आठवड्याभरातच 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने जाहीर केलं, की त्सुनामीच्या कामाला पुरतील इतके पैसे जमलेत, आता यासाठी पाठवू नका. पैसे नकोत म्हणणारी संस्था! इतर संस्थांनी नाकं मुरडली. पुढे याच संस्थेने आधीच्या देणगीदारांना विचारलं, उरलेली रक्कम दुसऱ्या संकटांसाठी वापरू का? फार थोड्यांनी नाही म्हटलं. टीव्हीवर दिसणाऱ्या संकटाला पैसा धो धो मिळतो आणि न दिसणाऱ्याला मिळत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

राहता राहिला "आपल्याच दारात एवढं पडलंय" हा मुद्दा. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने 1971 च्या पूर्व बंगालच्या निर्वासितांकडे बघून एक निबंध लिहिला, तो पुढच्याच वर्षी छापून आला. त्यात त्याने विचारलं, की समोरच्या तळ्यात बुडणाऱ्या मुलाला तुम्ही कपडे खराब होतील म्हणून सोडून द्याल का? नाही ना, मग ते मूल हजारो मैलांवर असेल तर काय बदललं? पैशापुरतं मला त्याचं म्हणणं मान्य आहे. जगात जिथे एका रुपयाचं जास्तीत जास्त काम होतं, तिथे तो जावा. पण स्वतः जाण्यापुरतं नाही. समोरच्या तळ्यात उडी टाकणाऱ्याला पाणी किती आहे, गाळ कुठे आहे, हे माहीत असतं. आम्ही कंबोडियात कुठल्या पाण्यात उतरलो होतो, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आणि 'बाहेर' पाठवलेले पैसे म्हणजे काही सगळी देणगीच नसते. परदेशी राबणारी माणसं घरी जे पाठवतात, ते 2023 मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी साडेसहाशे अब्ज डॉलरच्या आसपास होतं. श्रीमंत सरकारांची सगळी मदत मिळून त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. त्याला दानधर्म कुणी म्हणत नाही, त्याचे फलक लागत नाहीत. पण बहिणीचं छप्पर गळतंय की भाच्याची फी थकलीये, हे पाठवणाऱ्याला फोनवर ऐकून माहीत असतं. उशीर झाला तर बोलणीही बसतात.

ज्या बाईंनी मुलीला परदेशी पाठवण्याबद्दल विचारलं होतं, त्यांना मी म्हटलं, आधी एक पेपर तिला माझ्याबरोबर येऊ दे. आली. तीन तासांनी बाहेर पडली ती मनगट चोळत, तणतणतच.

"मावशी, तिचं अख्खं उत्तर चुकलं होतं! मला येत होतं ते."

"मग?"

"मग काय, लिहिलं. ती म्हणाली तसं."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग पुढचा पेपर गुरुवारी किती वाजता आहे, ते विचारून घेतलं.