पंधरा मिनिटांत नाणेघाट

परिषदेचं प्रेझेंटेशन आज एकदाचं आकाराला आलं. विषय आहे नाणेघाटाच्या लेण्यातले अंक. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे कोरलेत.

हे आकडे वाचताना मला अजूनही शहारा येतो. तिथे शून्य नाही, स्थानमूल्य नाही, म्हणजे जागेवरून अंकाची किंमत ठरत नाही. दहाचं चिन्ह वेगळं, शंभराचं वेगळं, हजाराचं वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडायचं! हे पडद्यावर एकेक चिन्ह जोडत दाखवायचं ठरवलंय, कारण नुसतं बोलून ते डोळ्यांसमोर येत नाही. त्यासाठी राजघराण्याच्या वंशावळीची स्लाइड काढून टाकली.

प्राचीन लेखांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांची स्लाइड मात्र हलवणार नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांनी या झिजलेल्या भिंतीवरचे अंक उलगडले, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "वेळेत बसव, पण ती ठेव."

मागच्या भिंतीवरच्या राजपरिवाराच्या मूर्ती नष्ट झाल्यात, वर नावं तेवढी उरली आहेत. तो फोटो शेवटी घेतलाय.

उद्या विभागात सराव आहे. कुणाकडे लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींचे, तिरप्या उन्हात काढलेले स्पष्ट फोटो असतील तर कृपया आज रात्री पाठवा. तुमच्या नावानिशी वापरेन.